बाईंनी बंद केलेला गट

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील डॉक्टर, ज्यांना निरोप देताना जीभ जड होते अशा आमच्या बाई, आणि आजवर मी ज्यांचे फक्त आवाजच ओळखत होतो असे श्रोतेहो,

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी बोलताना अडखळणाऱ्यांसाठी इंटरनेटवर गट काढला. उतारा मोठ्याने वाचायचा आणि रेकॉर्ड करून गटावर टाकायचा, एवढंच. अकरा वर्षं चालला. गेल्या महिन्यात त्यांनी तो बंद केला. का, ते आज कुणीच बोलत नाहीये. मी बोलतो. बाई, रागावू नका.

आपले शिंपीदादा गिऱ्हाइकांशी वहीत लिहूनच बोलायचे. गटात तीन वर्षं त्यांनी नुसतं ऐकलं. मग एका दुपारी चार ओळी वाचल्या. सहा मिनिटं लागली. शेवटी मुलीचं नाव घेतलं, सबंध.

खोट्या नावाने आत शिरलेल्या कुणीतरी ते उचललं, अडखळण्यावर ठेका चढवला आणि सगळीकडे पसरवलं. बाईंनी त्याला काढलं, तो दुसऱ्या नावाने आला. पुन्हा काढलं, तिसऱ्या नावाने आला. शेवटी बाईंनी विचारलं, "बाळा, तुला यातून काय मिळतं?"

"काही नाही. टाइमपास."

मुलीच्या वर्गात ते वाजलं. दादांनी परत वही काढली. मग एकेक जण आपला आवाज पुसून निघून गेला. चारशेंतले नऊ उरले. गटाची राखण माझ्याकडे होती. खरकटी भांडी घासावीत तशा मी रोज सकाळी गटावर पडलेल्या शिव्या पुसायचो. राग यायला हवा होता, नाही का? आधी यायचा. आता येत नाही.

बाईंनी दादांना फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो. पलीकडून फक्त शिलाई मशीनची घरघर.

"दादा, बोलू नका. मी वाचते, तुम्ही ऐका."

बाईंनी आठ पानं वाचली. मशीन थांबलं नाही. फोनही दादांनी ठेवला नाही.

बाई आता लेकीकडे राहायला निघाल्यात. दादा आज आलेत, मागच्या रांगेत आहेत. त्यांनी ही चिठ्ठी दिलीय, वाचतो: "बाई, चूक तुमची नव्हती. पण मी पुन्हा वाचणार नाही."



सभागृह दिल्याबद्दल ग्रंथालयाचे आणि शांतपणे ऐकल्याबद्दल आपले आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल, काही अधिकउणं बोललो असेन, तर पोटात घाला. चिठ्ठी बाईंच्या हाती देतो आणि बसतो.