सासऱ्यांनी उलटी लावलेली बाग

जबाब देणारी : ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांची सून. वय बेचाळीस वर्षे. धंदा : इमारतींच्या परवानगी-अर्जासोबत लागणारे बागेचे नकाशे काढणे. राहणार : तक्रारीतल्या इमारतीमागची गल्ली, दुसरा मजला.

मी पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी नवरा, मुलगी व सासरे यांच्यासह राहते. सासरे टेलर होते. दुकान बंद केल्यापासून ते घरी असतात व माझ्या कामावर देखरेख करतात. ही जबाबदारी त्यांना कोणी दिलेली नाही.

मोठी इमारत बांधायची तर मोकळ्या जागेत काय लावणार, याचा नकाशा नगरपालिकेकडून मंजूर करून घ्यावा लागतो. मग ती झाडे लावणे बिल्डरला बंधनकारक असते. सदर इमारतीचा नकाशा मी काढला. त्यात डाव्या भिंतीलगत सावलीच्या झाडांची रांग, मध्ये हिरवळ व बाकावर बसून हसणारी दोन माणसे होती. "झाडं आणतील गं, पण ही हसणारी माणसं कुठून आणणार?" असे सासऱ्यांनी विचारले होते.

इमारत उभी राहिली. झाडे आली नाहीत. सगळ्या मोकळ्या जागेवर प्लास्टिकचे गवत अंथरले. मी बिल्डरना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, नकाशा एक नंबर होता. मंजूरही झाला. आता कशाला त्रास घेता?"

हे बोलणे जेवणाच्या टेबलावर, फोन स्पीकरवर ठेवून झाले. सासऱ्यांनी हातातला घास खाली ठेवला. "मी माप घेतलं, कापड बेतलं आणि शिवलंच नाही, तर गिऱ्हाईक मला सोडेल का?" एवढेच म्हणाले. मला वाटले विषय संपला.

काल दुपारी सासरे व त्यांचे फिरायला येणारे दोन मित्र हातगाडीवर रोपे घेऊन सदर ठिकाणी गेले. "आम्ही बागेचे," असे त्यांनी वॉचमनला सांगितले. वॉचमनने गेट उघडले व नंतर पाण्याची नळीही आणून दिली. त्यांनी प्लास्टिकचे गवत गुंडाळून बाजूला ठेवले, टेपने अंतर मोजले, खड्डे खणले व रोपे लावली. त्या वेळी बिल्डर ऑफिसात एका जोडप्याला माझ्या नकाशाचे चित्र दाखवून फ्लॅटची माहिती देत होते.

माझा नकाशा पातळ कागदावर होता. सासऱ्यांनी तो उलट्या बाजूने पाहिला. कापड उलट्या बाजूनेच आखतात, ही हाताची सवय, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यामुळे डावीकडची रांग उजवीकडे, म्हणजे बिल्डरच्या गाडीच्या बरोबर मागे आली. गाडी अडकली.

मला वॉचमनने बोलावून घेतले. मी पोचले तेव्हा ते जोडपे बाहेर येत होते. त्यातल्या बाई म्हणाल्या, "अय्या, ही तर चित्रातलीच झाडं!" बिल्डर हसले. त्यांना तसे हसताना मी प्रथमच पाहिले. जोडपे गेल्यावर त्यांनी सासऱ्यांचा दंड धरला व पोलिसांना फोन केला.

साहेब येण्यापूर्वी बिल्डर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही झाडं नकाशातली नाहीत एवढं सांगा. म्हाताऱ्यांना घरी न्या. पुढच्या दोन्ही इमारती तुमच्याच." सासरे तेव्हा हौदावर हात धूत होते.

साहेबांनी मला बिल्डरच्या ऑफिसात नेऊन विचारले. मी सांगितले की, झाडांची जात तीच आहे, अंतर तेच आहे, फक्त बाजू बदलली आहे. ती रोपे उपटली तर मी स्वतः नगरपालिकेत जाऊन सांगेन. बिल्डर म्हणाले, "मग तुमचं आमचं संपलं." मी बरे म्हटले.

आज सकाळी त्या जोडप्याने, झाडे राहणार असतील तरच फ्लॅट घेऊ, असे कळवल्याचे समजते. बिल्डर तक्रार मागे घेत आहेत. दोन रोपे सरकवून गाडीला वाट करून देण्यास सासरे तयार आहेत. माफी मागण्यास तयार नाहीत.

माझे काम गेल्याचे मी त्यांना सांगितलेले नाही. कोणी सांगू नये, ही विनंती.

वरील मजकूर हवालदारांनी मला खणखणीत आवाजात वाचून दाखवला. तो मी बोलले तसाच आहे. वाचताना खोलीचे दार उघडे होते व सासरे बाहेर बाकावर होते, हे नंतर ध्यानात आले. ते आत आले. साहेबांना म्हणाले, "तुमच्या खिडकीतली कुंडी सुकलीय." आणि टेबलावर माझ्यासाठी ठेवलेले ग्लासभर पाणी त्यांनी कुंडीत ओतले. हेही लिहावे, असे मी सांगितल्यावरून लिहिले आहे.

सही