राबावर टाकलेल्या पंपाच्या मातीबाबत

मी, ठमाबाई कुशाबा उतेकर, वय ५६, धंदा शेती व घरकाम, राहणार आंबेवाडी, तालुका पोलादपूर. कोणी न बोलावता स्वतः पोलीस ठाण्यात येऊन, विचारण्याआधीच सांगते की, पंपावरची माती मी नेली. पांडूने नेली नाही की विकली नाही. त्याला आधी घरी सोडा, मग बाकीचे लिहा, असे मी म्हणाले. हवालदार म्हणाले, आधी लिहू द्या. म्हणून सांगते.

आमच्या वाडीच्या वर हायवेला बंद पेट्रोल पंप आहे. त्याची जमिनीखालची डिझेलची टाकी गंजून गळली आणि तेल मातीतून झिरपत वाडीच्या विहिरीत उतरले. तेव्हापासून आम्ही टँकरचे पाणी पितो. माती साफ करण्याचे काम चालू असून श्रिया मॅडम ते बघतात. वाडीतलाच पांडू सकपाळ तेथे राखणीला आहे. त्याने माझी मुलगी दर्शना हिला मागणी घातली होती. पोरगी तयार होती, मी नाही म्हटले. हा मुलगा कधी तोंड उघडत नाही, याच्या पोटात काय आहे ते कळायचे कसे, असे माझे म्हणणे होते.

पंपाच्या आवारात ताडपत्रीखाली मातीचा ढीग होता. ती माती माणसे उलटीपालटी करायची, तिला खत घालायची, वर पाणी शिंपडायची. आमच्या शेताचे एवढे लाड आम्हीसुद्धा केलेले नाहीत. खराब माती ट्रकने गेली आणि खड्डा भरायला ही भारीतली नवी आणली, असे मी व माझे पती कुशाबा यांनी ठरवून टाकले. वास यायचा, पण खताला वास असायचाच.

राब भाजताना शेण, पाला, गवत यांचे थर घालून वर मातीचा पातळ थर देतात. मग आग भडकत नाही, धुमसत राहते आणि भाताची रोपे करायची जागा नीट भाजते. म्हणून मंगळवारी दुपारी मी कुंपणाच्या फटीतून चार-पाच घमेली माती आणली. पांडू तेव्हा घरी जेवायला गेला होता. जेवणे हा गुन्हा नाही, हेही लिहावे.

बुधवारी सकाळी पतींनी राब पेटवला. धुमसायचे सोडून तो असा भडकला की काळा धूर हायवेपर्यंत गेला. पतींची डावी मिशी जळाली, अन्य नुकसान नाही. मी हंडा घेऊन धावले, तेवढ्यात पांडू वरून वाळूच्या बादल्या घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, पाणी नका मारू. डिझेल हाय, पसरंल." त्याने वाळू टाकून आग विझवली. मग माती हातात घेऊन हुंगली, माझ्याकडे पाहिले आणि निघून गेला. मला वाटले, आता हा माझे नाव सांगणार.

दुपारी मॅडमना ढीग कमी दिसला. ती माती जिथे जाईल तिथे तेल जाते, म्हणून त्यांनी तक्रार दिली, ती रास्तच होती. कोणी नेली असे विचारल्यावर पांडू म्हणाला, "राखण माझी हाय," आणि पुढे गप्प. त्याने माती विकली असे साफसफाईच्या ठेकेदाराने धरले. आज सकाळी त्याला येथे आणले, नोकरीही जाणार असे कळले. ते ऐकून माझ्याच्याने चूल पेटवली गेली नाही. लाज वाटली.

मॅडम येथेच बसल्या आहेत. मातीतले जंतू तेल खातात, खत-पाणी त्यांच्यासाठी असते, असे त्यांनी सांगितले. मी हसले, हवालदारही हसले. मॅडम म्हणाल्या, खरेच आहे. राबावरची माती आम्ही खरवडून परत देऊ आणि यंदाची रोपे वरच्या शेतात करू. मॅडम तक्रार मागे घेत आहेत व पांडूला कामावर ठेवत आहेत.

आणखी काही सांगायचे आहे का, असे हवालदारांनी विचारले. आहे. माझे नाव येऊ नये म्हणून हा मुलगा चोर म्हणवून घ्यायला तयार झाला. आताही समोरच्या बाकावर खाली मान घालून बसला आहे. दर्शना त्याला देण्यास मी कबूल आहे. पतींना घरी जाऊन सांगते. हे जबाबात घालता येत नाही, असे हवालदार म्हणाले. मी म्हटले, मग माझी सही मिळायची नाय.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. दर्शनाची ओळ त्यात आहे. सगळे मी बोलले तसेच आहे, म्हणून सही करते.

(सही) ठमाबाई कुशाबा उतेकर