चार हजार किलोमीटरवरून डोळा

नाही, हसलो मी, मान्य! पण तुम्हाला सांगतो, तुम्ही असता तर खुर्चीवरून पडला असता! आमची कृतिका बंगळुरूला उपग्रहांच्या लेझरवर काम करते. सुट्टीवर आली, तर मीच मोठेपणाने मयूर विहारच्या मराठी मंडळात सांगून बसलो, 'पोरगी भाषण देईल, तेही मराठीत!' आता दिल्लीत वाढलेली मुलगी, तिचं मराठी म्हणजे... पण बिचारी माझ्यासाठी उभी राहिली हो! म्हणाली, "वर दोन सॅटेलाइट असतात. चार हजार किलोमीटर दूर. आधी ते एकमेकांना शोधतात, मग... मग एकमेकांना डोळा मारतात."

संपलं! सुरुचीताईंनी तोंडात पदर कोंबला, राजाभाऊ ओरडले, "अहो, मग लग्नाचं बघा त्यांच्या!" आणि सगळ्यांत मोठ्यांदा कोण हसलं? मी! बाप! पोरीने एकदाच बघितलं माझ्याकडे... पण थांबली नाही, यार! "दोघं पळतायत, सेकंदाला साडेसात किलोमीटर. प्रकाश पोचेपर्यंत समोरचा पुढे गेलेला. म्हणून तो आहे तिथे नाही, पोचणार तिथे डोळा मारायचा."

सुरुचीताईंच्या तोंडातला पदर गळून पडला! माझ्या अंगावर काटा! चार हजार किलोमीटर! वर ना तार ना खांब, दोघंही सुसाट, आणि त्या बारीकशा किरणातून इकडचं बोलणं तिकडे! आणि हे माझ्या पोरीला कळतं? जिला 'उखळ' म्हणजे काय ते माहीत नाही म्हणून मी परवाच चिडवलं होतं?

घरी आल्यावर तिचं मराठी बंद. "पापा, चाय लोगे?" पापा! जन्मभर बाबा म्हणणारी पोर! शेजारच्या खोलीत बसून चार हजार किलोमीटर लांब गेली हो! रविवारी परत जाणार, मग फोनवरही हेच...

मग म्हटलं, तिचीच युक्ती. ती आहे त्या खोलीत जायचंच नाही, पोचणार तिथे! सकाळी सातला ती चहाला येते. मी पावणेसातलाच ओट्याशी उभा. पावलं वाजली, नेम धरला, मारला डोळा...

समोर आमची ही! प्रभा! "अहो! या वयात?"

आणि मागून कृतिका, पोट धरधरून, "बाबा, डोळा चुकीच्या सॅटेलाइटला!"

बाबा म्हणाली! मराठीत म्हणाली! डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

चार हजार किलोमीटरवर त्यांचा नेम लागतो, माझा दहा फुटांवर चुकला. आता प्रभा कालपासून मागेच लागलीय, "खरं सांगा, डोळा कोणाला होता?" म्हटलं, "तुलाच गं." तर म्हणते, "अच्छा? मग तेहेतीस वर्षं कुठे होता?"

म्हटलं, "वाटेत होता."