चार ठोक्यांची जागा

खोपटच्या एसटी स्टँडवर, रांगेत माझ्यापुढे मावशी आणि भाची. भाचीच्या खांद्यावर गाडीचा जुना टायर.

“रुचिता, वागळे इस्टेटमधून टायर उचलून आणलास, पण गाडी कुठाय?”

“वाजवायला आणला गं मावशी. जपानला आमच्या वस्तीतला ग्रुप टायरवरच सराव करायचा. तायको, म्हणजे तिकडचा तो मोठा ढोल, फक्त कार्यक्रमाला काढायचे.”

“मग इथल्या ढोल पथकात जा ना. होतीस की आधी.”

“गेलेले. माझ्या जागी दुसरी आहे. सहा वर्षं कोण थांबणार?”

“आणि जपानात तुझ्या जागी?”

“कोणीच नाही. रविवारी सरावाला व्हिडिओ कॉल लावतात. माझे चार ठोके आले, की सगळे काठ्या वर धरून थांबतात.”

“अगं, मग वाजव ना इथून!”

“वाजवते. पण फोनवरून आवाज उशिरा पोचतो. तोवर ते पुढे गेलेले असतात.”

“मग जरा आधी वाजव.”

“आता तसंच करते. तिकडे बरोबर बसतं म्हणतात.”

“झालं तर!”

“हो. पण त्यांचा आवाजही मला उशिराच पोचतो. माझं वाजवून होतं, आणि मग मला इकडे त्यांचं थांबणं ऐकू येतं.”