मारायकाची दृष्ट

सकाळी बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी फेल्डहोवन या डच गावातल्या आमच्या शेजारणीला, मारायकाला, पत्र आलं. ती नर्स आहे. कोरोनात कुणीतरी तक्रार केली, तेव्हापासून तिला कामाची मनाई. चौकशी लांबली म्हणून पत्रात ती मनाई आणखी वाढवली होती. मला काय ठाऊक! रडून लाल झालेलं माझं बाळ घेऊन मी कुंपणाशी गेले.

“मारायकाताई, तपास ना!”

तिनं हात मागे घेतले. “मला मनाई आहे. पुन्हा वाढवली.”

“मग शेजारीण म्हणून नुसतं धर.”

तिनं धरलं. धुक्यात दोघं ढगावर तरंगल्यासारखी दिसली, आणि बाळ झोपलंच. मी मीठमोहऱ्या आणून दोघांवरून ओवाळल्या.

“हे काय?”

“दृष्ट काढते. याला परवाना लागत नाही.”

कित्येक दिवसांनी ती हसली. बायांनो, कुणी तिच्याबद्दल विचारलं तर सांगा, चौकशी चालू आहे, दोष ठरलेला नाही. एवढं पुढे कळवा.