पाचपट वजन

नाई साहेब, सही मी करतो, पन या अपघाताच्या कागदावर 'वैमानिकाची चूक' लिवलं हाय ना, ते खोडा पह्यले. माह्या जीवननं वळनात विमान हद्दीच्या पुढं ओढलं म्हन्ता तुमी — त्याले हद्द मालूम नव्हती काय? अजी, त्यानंच तं मले शिकवली, सातवी शिकलेल्या बाईले. इथून शेंदूरजन्याहून संत्र्याचा टेम्पो घेऊन अमरावतीले चाललो होतो आमी मायलेक. म्हने, आई, हात काढ खिडकीभाईर, पंजा आडवा धर. आता समोरून जरासा उचल. हात आपोआप वर गेला, साहेब, कोनी खालून धरल्यावानी. म्हने आजून उचल — आजून वर. म्हने आता लय उचल — तं हात फडफडला अन मांगं फेकल्या गेला. म्हने, पंखाचं असंच हाय. एका हद्दीपर्यंत हवा उचलते, त्याच्यापुढं सोडून देते.

वळनाचंही सांगतलं. विमान तिरपं केलं का पंखाचं लय बळ वळवन्यातच जाते, मंग वजन पेलाले नाक आजून ओढा लागते. अन वजन तरी केवढं — जोराच्या वळनात सारंच पाचपट भारी होते, विमान भारी, मानूस भारी. हद्द आली का विमान आंगभर थरथरते म्हने, सांगते बापा सोड आता. तवा हात ढिला केला का झालं. एवढं ज्याले मालूम, तो ओढतच कसा राहीन? काहून राहीन? तुमीच सांगा. नाई, चहा घ्या, थंडा होऊन राहिला.

तुमी मघाशी इचारलं, तब्येत कशी होती, जेवत होता का. हो म्हनलं ना मी. जेवत होता. खाताडा होता पोट्टा लहानपनापासून. आता घटाचे दिवस होते, थोडं कमी-जास्त — नाई, तसं नाई, फराळ करे. फराळ करत असन. काय लिवता? थांबा ना. लिवू नका ते.

नवस माहा होता, साहेब. त्याले लढाऊ विमान भेटलं तं नऊ दिवस नुसत्या पान्यावर राहीन, म्हनलं. पन बोलली त्याच्या नावानं. देवीपुढं उभी होती अन तोंडातून तसंच निंगालं — माहा जीवन राहीन. मंग त्यालेच करा लागे ना? दुसऱ्याचा उपास दुसऱ्यानं फेडला तं चालते काय? मी तं म्हनलं मीच राहतो, पन माहं मन मानेना. सहाव्या माळेले फोन आला त्याचा. म्हने आई, डोकं हलकं लागून राहिलं. या वळनात रक्तही पाचपट भारी होते, डोक्यातून पायाकडं उतरते, पोट आवळून दम धरा लागते — उपाशी पोटी दम धरत नाई. डोळ्यापुढं अंधारी येते. अन सकाळी उडाच्या पह्यले डॉक्टर इचारते, खाल्लं काय म्हनून. मी काय सांगू त्याले, आई? मी म्हनलं, खाल्लं म्हन. तीनच दिवस राह्यले, बाबू. खाल्लं म्हन.

त्यानं आयकलं माहं. कधी नाई आयके, लग्नाचं नाई आयकलं, ते आयकलं. विमान थरथरलं असन, पन त्याले दिसत असन काय, समजत असन काय?

तुमचं तोंड पाहून समजलं मले. हे लिवलं तं खोटं बोलून उडला म्हनसान — तेही त्याच्याच नावावर. न लिवलं तं हद्द चुकली, तेही त्याच्याच. मायची चूक लिवाले रकाना हाय काय तुमच्या कागदात? पाहा ना, खाली कुठं असन. नाई?

द्या पेन. कुठं करू सही, इथं? झालं. आता निंगा साहेब, जीवनचे बाबा बगीच्यातून येतीन. त्याईले नका सांगू.