पैलवान आणि मॅनेजर या दोन बोकडांच्या अदलाबदलीबाबत

नाव : लीलावती नंदकुमार होनराव. वय : ६१ वर्षे. धंदा : शेळीपालन (लिहिणाऱ्याने आधी 'गृहिणी' लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे). राहणार : सरोजिनी नगरच्या पुढे, कानपूर रोडपासून आत, कालव्याकाठचे शेत, लखनौ. मूळ गाव तुळजापूर तालुक्यातले.

आज ठाण्यात हजर राहून, कोणी दमदाटी न करता व चहा घेऊन झाल्यावर, मी समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनियर, असे दोघेच राहतो. या ठाण्याच्या दरोगा देवयानी मॅडम विकास नगरात वाढल्या असल्या तरी त्यांचे घर मराठी आहे. त्या मला म्हणाल्या, "आंटी, आप मराठी में ही बोलिए, मैं समझ लेती हूँ. बस लिखना नहीं आएगा." त्यामुळे जबाब माझे यजमान लिहून घेत आहेत आणि त्याचे हिंदी मॅडम स्वतः करणार आहेत. चोरीची खबर देणारेही यजमानच असल्यामुळे त्यांनी यात पदरचे काही घालू नये, अशी ताकीद मी त्यांना दिलेली आहे.

यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही सदर शेत घेतले. ते तिथे पुस्तके वाचणार होते. मी माहेरच्या भागातून उस्मानाबादी जातीच्या सहा शेळ्या आणि एक बोकड आणला. काळ्याभोर, उंच, लांब कानांच्या या शेळ्या पाहून महाराष्ट्र मंडळातले सगळे हसले. सर्वात जास्त हसले ते श्री. गजेंद्र ठोंबरे, राहणार चिनहट, बँकेतून निवृत्त मॅनेजर. "वहिनी, शेळ्या पाळाले लखनौले आल्या का जी तुमी?" असे ते गणपतीच्या आरतीच्या रांगेत सगळ्यांसमोर म्हणाले. पुढच्याच वर्षी त्यांनी लातूरकडून त्याच जातीच्या शेळ्या आणि बोकड मागवला. हसतील त्याचे दात दिसतील, असे मी तेव्हा म्हटले होते. आज त्यांच्यासमोर पुन्हा म्हणते.

सोबत आणलेला पहिला बोकड मी वेळेवर विकला. आता पैलवान हा माझा पैदाशीचा बोकड आहे. बोकड निवडताना आधी त्याची आई बघावी, हे मला माझ्या वडिलांनी शिकवले. आईला दूध किती, तिला जुळी होतात का, पिल्ले ती नीट जगवते का, हे बघायचे. मग बोकडाची छाती, पाठ, पाय बघायचे. पैलवानची आई माझ्या कळपातली सर्वात चांगली शेळी. तिला तिळे झाले, त्यातला हा तिसरा. शेळीला सड दोनच, आणि दूधही दोघांनाच पुरले, म्हणून याला मी स्वयंपाकघरात बाटलीने वाढवले. तो गॅसच्या ओट्याखाली झोपत असे. त्याच वर्षी आमची लेक वेदिका लग्न होऊन बंगळूरला गेली. याचा सदर प्रकरणाशी काही संबंध नाही.

पैलवानपासून झालेल्या आठ पाटी, म्हणजे अजून न व्यायलेल्या तरुण शेळ्या, आता माजावर येऊ लागल्या आहेत. बापाचा लेकीशी संग होऊ द्यायचा नाही, हा शेळीपालनातला पहिला नियम. तो मोडला की करडे किरकोळ निपजतात, मरतुकडी होतात आणि वर्षानुवर्षे निवडून बांधलेली जात दोन पिढ्यांत हातची जाते. पैलवानला मी वेगळ्या वाड्यात ठेवते. शिवाय पोटाखाली कापडी झोळणा बांधते, म्हणजे गडबड होऊ नये. पण झोळणा काय, तो एका रात्रीत खाऊन टाकतो. तेव्हा बोकड बदलण्यावाचून इलाज नव्हता. माझ्या माहितीप्रमाणे लखनौत या जातीचे पैदाशीचे बोकड दोनच, एक पैलवान आणि दुसरा गजेंद्र भाऊजींचा. त्याचे नाव मॅनेजर. त्यांच्याकडेही पाच पाटी माजावर आल्या होत्या आणि त्यांचीही तीच अडचण होती.

बोकड वेळेवर बदला, जनावरात जीव गुंतवू नका, असे मंडळात सगळ्यांना ऐकवणारी मीच होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचे माझे यजमान पूर्ण करतात, म्हणून मी ते सोडते.

गेल्या रविवारी भाऊजी व त्यांच्या पत्नी चेतना मॅनेजरला टेंपोत घालून आमच्याकडे आले. मी शिरा केला होता. दोन्ही बोकडांना कुंकू लावले. भाऊजींनी मला मॅनेजरच्या सवयी सांगितल्या. त्याला बरसीमचा हिरवा चारा चिरून लागतो, पावसात भिजलेले आवडत नाही, आणि संध्याकाळी थोडे बोलावे लागते. "काय बोलायचं त्याच्याशी?" असे मी विचारले. "काही बी बोला जी. म्या त्याले पेपर वाचून दाखवतो," असे ते म्हणाले व चष्मा पुसू लागले. मी त्यांना सांगितले की पैलवानला शिंगांच्या मधे खाजवावे. दुसरे काही सांगायचे सुचले नाही. मग ते पैलवानला घेऊन गेले.

मॅनेजर गुणी बोकड आहे हे मी कबूल करते. त्याने पहिल्याच दिवशी सगळा चारा संपवला, कोणाला टक्कर दिली नाही. पैलवानच्या वाड्यात तो इतका सुखाने बसला होता की मला त्याचा राग आला. सोमवारी मी जेवले नाही. यजमान म्हणाले, "अगं, बोकड आहे तो." ते हे वाक्य लिहायला तयार नाहीत, तरी ते लिहावे.

आज, मंगळवारी, दुपारी मी यजमानांना सांगितले की विकास नगरात हळदीकुंकू आहे. असे काही नव्हते. त्यांचे जेवण झाल्यावर ते आडवे झाले आणि मी रस्त्यावरून एक टेंपो ठरवून शहीद पथाने चिनहटला गेले. पैलवानला फक्त बघायचे, एवढाच विचार होता. भाऊजींच्या आवाराचे फाटक नुसते लोटलेले होते. आवारात चिटपाखरू नव्हते. पैलवान कोपऱ्यात उभा होता. समोरच्या चाऱ्याला त्याने तोंड लावलेले नव्हते. मला बघून तो ओरडला आणि धावत येऊन त्याने माझ्या पोटाला डोके लावले. मी वाड्याची कडी काढली. पुढचे मी केलेले नाही. टेंपोत तो स्वतः चढला.

टेंपोवाल्याने मला विचारले, "चाची, ये चोरी-वोरी का मामला तो नहीं है?" मी म्हणाले, "भैया, घर का ही बच्चा है." परतीच्या वाटेवर मी त्याला शिंगांच्या मधे खाजवत होते आणि मला इतका आनंद झाला होता की टेंपोवाल्याच्या मोबाईलवर लागलेले गाणे मीसुद्धा म्हटले. वय ६१ आहे, हे वर लिहिलेच आहे.

शेतावर पोहोचले तर फाटकात पोलिसांची मोटरसायकल आणि तिच्याशेजारी माझे यजमान बनियनवर उभे. ते म्हणाले, "लीला, घात झाला. मॅनेजर चोरीला गेला. मी ११२ ला फोन केला." मग त्यांचे लक्ष टेंपोकडे गेले. ते म्हणाले, "हा तर पैलवान." सिपाही म्हणाला, "लो, मिल गया बकरा." यजमान म्हणाले, "ये वो नहीं है." सिपाहीने विचारले, "तो फिर ये किसका है?" यावर मी कालव्याकडे बघत राहिले. पैलवान मात्र उतरून सरळ स्वयंपाकघरात गेला.

सिपाही आम्हाला पैलवानसह ठाण्यात घेऊन आला. देवयानी मॅडमनी चिनहटच्या ठाण्याला फोन लावला. तिथे नुकतीच अशीच खबर आली होती. सौ. चेतना ठोंबरे यांनी त्यांच्या आवारातून काळा, उंच, लांब कानांचा बोकड चोरीला गेल्याचे कळवले होते. त्यांचे पती बाहेर होते, फोन उचलत नव्हते. मॅडम फोन ठेवून माझ्याकडे बघू लागल्या. मी म्हणाले, "बेटा, तो मीच आणला." त्या म्हणाल्या, "वो तो समझ गई, आंटी. तो आपके यहाँ से दूसरा वाला कौन ले गया?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हणाले, "त्याचा धनी."

तसेच झाले होते. मी चिनहटला जात असताना गजेंद्र भाऊजी त्याच शहीद पथाने उलट्या दिशेने आमच्या शेताकडे येत होते. यजमानांच्या घोरण्याच्या आवाजात त्यांनी मॅनेजरला उचलले. रस्त्यात आम्ही दोघे कुठेतरी एकमेकांच्या समोरून गेलो असणार आणि दोघांनीही तोंड लपवले असणार. मॅडमनी बोलावल्यावर संध्याकाळी भाऊजी, चेतना आणि मॅनेजर असे तिघेही ठाण्यात आले. भाऊजी मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, दोन रात्री झोप नाही जी. पेपर वाचू तं वाचू कोणाले?" मला त्यांचा एवढा लोभ याआधी कधी वाटला नव्हता.

दोन्ही बोकड ठाण्याच्या आवारात कडुनिंबाला दोन बाजूंना बांधले होते. मॅनेजरने कुंडीतली शेवंती खाल्ली. पैलवानने एका सिपाहीची टोपी हुंगून परत दिली. ठाण्यातले सगळे लोक तिथे जमले होते आणि दोन्ही घरांच्या तक्रारी कोणाविरुद्ध लिहायच्या यावर हसून हसून बेजार झाले होते. देवयानी मॅडमही हसल्या. मग त्या म्हणाल्या, "अच्छा, दोनों अपना-अपना बकरा ले जाइए. मामला खत्म."

मामला खत्म नव्हता. मी मॅडमना सांगितले की पैलवान घरी आला तर त्याच्या आठ लेकी तिथेच आहेत. त्याला ठेवला तर जात बुडेल, घालवला तर माझ्याच्याने राहवणार नाही. हे सांगताना मला रडू आले, ते मी लपवले नाही. भाऊजी नाक ओढत कडुनिंबाच्या पारावर बसले. तेव्हा चेतना म्हणाली, "कमालच करता तुम्ही लोक. बाप कशाला घराबाहेर काढता? पोरी उजवा की. पोरी सासरी जातातच."

यजमान म्हणाले, "टेक्निकली बरोबर आहे." बरोबर होतेच. पैलवानच्या आठ पाटी चिनहटला मॅनेजरकडे जातील, मॅनेजरच्या पाच पाटी आमच्याकडे येतील, आणि बोकड आपापल्या घरी राहतील. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मी एवढी शेळ्यांतली जाणकार आणि मला हे सुचले नाही, कारण माझे सगळे लक्ष त्या एका डोक्यावरच्या दोन शिंगांत होते. आम्ही तिथेच सोयरीक पक्की केली. मॅडमनी जिलेबी मागवली. भाऊजींनी मला 'विहीणबाई' अशी हाक मारली आणि चेतनाने त्यांना कोपर मारले. लग्नघर असावे तसे ठाणे झाले होते, आणि इतकी आनंदाची संध्याकाळ मला या शहरात आठवत नाही.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. गजेंद्र भाऊजींचीही नाही. टेंपोवाल्याचा यात काही दोष नाही.

पुढच्या वेळी जनावर परत आणायला न सांगता जाणार नाही, अशी हमी मॅडमनी आम्हा दोघांकडून लिहून मागितली. त्या म्हणाल्या, "आंटी, पक्का? आठ-आठ बेटियाँ जा रही हैं." मी पाटींची नावे एकेक करून मनात घेतली. सर्वात धाकटी चारा खाताना अजून माझा पदर तोंडात धरते. मग मी म्हणाले, एक अट लिहून घ्या. यजमानांनी लेखणी थांबवली. मी म्हणाले, थांबू नका, लिहा.

वरचा मजकूर देवयानी मॅडमनी मला व सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. दोन ठिकाणी त्या अडल्या, तिथे चेतनाने सांगितले. मी बोलले तसाच तो उतरला आहे व खरा आहे, म्हणून सही करते. हमीही कबूल आहे, मात्र खालच्या अटीवर, जी मी माझ्या हाताने लिहीत आहे आणि जिला गजेंद्र भाऊजींनी मान हलवून संमती दिली आहे :

आठही पाटींचे पहिले बाळंतपण माहेरी होईल.

(सही) लीलावती नंदकुमार होनराव